धरलेला सूर

शनिवारी ऑर्गनला तेल घालायचं होतं.

वर्षातून एकदाच करायचं काम, पण बाबा त्याचा सोहळा करत. ऑर्गनच्या पाठीमागची लाकडी फळी उतरवायची, आतल्या नरसाळ्यांत पातळ तेल थेंबाथेंबाने सोडायचं, आणि मग गप्प बसायचं. तिथून ते सुती दोऱ्यांच्या अंगाने झिरपत आतल्या चाकांपर्यंत आपलं आपण जातं. घाई केली की सांडतं. पूर्वी बाबा स्वतः हे करत. गुडघे संपावर गेल्यापासून लेक करायची. ती दातांत छोटी बॅटरी धरून ऑर्गनच्या मागे बसलेली, आणि बाबा पुढे बाकावर बसून सूचना देणार.

"थेंब पडू दे. धार नको," बाबा म्हणाले. "तुझी आई भाजीत तेल ओतायची तसं करू नकोस."

तिने बॅटरी तोंडातून काढली. "आई तेल ओतायची नाही, बाबा. तुमच्यासाठी भाजी तीनतीनदा गरम करायची. म्हणून वर तेल सुटायचं."

"झालं! काढली तपासनीसबाईंनी चूक."

ती एका प्रकाशनाकडे मुद्रितं तपासायची. दुसऱ्यांची पुस्तकं वाचायची, चुकीवर बारीक खूण करायची आणि पान पुढे सरकवायची. तोंडाने बोलायची वेळ या कामात सहसा येत नाही, आणि तिला ते मानवलं होतं. नोकरी लागली तेव्हाच बाबांनी तिचं नाव तपासनीस ठेवलं.

क्लब तळघरात होता, वर चपलांचं दुकान. दिवसा क्लब म्हणजे न विंचरलेलं डोकं. खुर्च्या उलट्या टेबलांवर, भिंतीला ओल, आणि गालिच्यावर जुन्या पेल्यांचे गोल डाग. चाळीस माणसं बसली की गर्दी वाटे, साठ बसली की मालक खूश. ऑर्गन एका कोपऱ्यात, त्याच्या बाजूला कपाटाएवढ्या पेटीत फिरता भोंगा. ऑर्गनचा आवाज त्या भोंग्यातून येई, आणि भोंगा गरागरा फिरला की आवाजालाच गिरकी येई. लहानपणी तिला वाटे, त्या पेटीत कुणीतरी कोंडलंय.

तिने फळी परत बसवली. समोर आली तर बाबा डाव्या हाताची मूठ उघडत होते, मिटत होते.

"काय झालं हाताला?"

"मुंग्या येतात."

"कधीपासून?"

"गोड माणूस आहे मी. मुंग्या येणारच."

ती हसली नाही. नुसती बघत राहिली.

"अशी बघू नकोस. हुबेहूब आईसारखी बघतेस. सोमवारी जाऊ डॉक्टरकडे, झालं?" ती तरी बघतच होती. "बरं बाई, उद्या क्लबात मध्यंतरालाच उठतो. पुढचं गिटारवाला आणि तो ढोलबडव्या काय गोंधळ घालायचा तो घालतील. आपण घरी जाऊन अंडी-पाव खाऊ. शब्द दिला."

बाबांचा शब्द म्हणजे पाण्यावरची रेघ, हे घरात सगळ्यांना पाठ होतं. तरी तिने तो घेतला. रस्त्यावर आल्यावर बाबांनी तिच्या दंडाला धरलं, सिग्नलला उभ्या असलेल्या एका गाडीच्या इंजिनाचा सूर कुठला ते ओळखून दाखवलं, आणि दुकानातून अंडी घेताना ती एकेक कानाशी हलवून बघितली. दुकानदार म्हणाला, "मास्तर, अंडी वाजत नाहीत." बाबा म्हणाले, "वाजली तर तुमची लाज जाते, म्हणून बघतोय."

एवढाच तो शनिवार.

*

रविवारी दुपारी बाबा क्लबमध्ये वाजवत, आणि हे ती शाळेत जायच्या आधीपासून चालत आलं होतं. चारला सुरू, सहाला संपणार, असं दारावर लिहिलेलं असे. संपत कधीच नसे. आई सहा वाजता ताटं घ्यायची, सात वाजता झाकायची, आणि मग तिला म्हणायची, "जा गं. बाबांना म्हणावं, पुरे आता, घरी चला."

ती पळत जाई. क्लबचा जिना उतरून खांबामागे उभी राही. बाबांना ती दिसे. भुवई उडवून ते तिच्याकडे बघत आणि करंगळीने वरचा एक सूर धरून ठेवत. पियानोचा सूर वाजवला की मरायला लागतो. ऑर्गनचा मरत नाही. पट्टी दाबून ठेवली की तो तुम्ही सोडेपर्यंत तिथेच. बाबा तो सूर धरून ठेवत, उरलेली बोटं खाली काहीबाही खेळत, डावा हात आणि खालच्या पेडलांवरचा डावा पाय खर्ज चालवत राहत. सूर हलायचा नाही. लोक आधी हसत, मग ओरडत, मग उभे राहत. "सोडू नका, मास्तर! सोडू नका!" या लांब सुरासाठी लोक शहराच्या दुसऱ्या टोकाहून यायचे. मध्येच बाबा पाय उचलून घेत. खर्ज नाहीसा होई आणि ढोलकाका एकटे उघडे पडत. ढोलकाका म्हणजे बाबांचे ड्रमवाले मित्र, जन्मभराचे. ते दात-ओठ खात ताल धरून ठेवत, आणि बाबा आपल्या मर्जीने खर्ज परत आणत. ही त्या दोघांची जुनी खोड होती. लोकांना तीही ठाऊक होती.

खांबामागची मुलगी या सगळ्यात "पुरे" कुठे म्हणणार? साठ माणसं सोडू नका म्हणतायत, आणि एका पोरीने पुरे म्हणायचं. ती सूर सुटेपर्यंत उभी राही. घरी पोचल्यावर आई विचारी, "सांगितलंस ना?" ती मान हलवी. हो की नाही, ते आईने कधी नीट विचारलं नाही. पुढे आईने तिला पाठवणं बंद केलं. त्याच्याही पुढे ताट झाकणं बंद केलं.

आई गेली त्या आठवड्यातल्या रविवारीही बाबांनी वाजवलं. "तिच्यासाठी," असं म्हणाले. लोक रडले. आई त्या क्लबचा जिना आयुष्यात एकदाही उतरली नव्हती.

*

रविवारी मध्यंतराला बाबा उठले नाहीत.

उठल्यासारखं केलं, पाणी प्यायले, मालकाने कानात काही सांगितलं, तिच्याकडे बघून दोन बोटं वर केली. दोनच गाणी. ती पुन्हा खुर्चीत टेकली. दुसऱ्या गाण्याच्या मधोमध त्यांनी करंगळीने तो सूर धरला, आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे झालं. आता सात वाजणार. तिने पर्स उचलली, खुर्ची मागे सारली आणि बाबांकडे पाठ करून कोट घ्यायला खुंट्यांकडे गेली. अंडी तुम्हीच उकडून घ्या, असं काहीसं ती मनात म्हणत होती.

कोटाच्या बाहीत हात घालताना पायाखालची जमीन शांत झाली.

त्या तळघरात खर्ज कानाने ऐकू येत नसे, तो पायाला लागे. फरशीतून वर चढे. तो थांबला. उचलला पाय, तिला वाटलं. काकांना छळतायत. सूर तसाच वर टांगलेला होता. मग तो वाढायला लागला. हळूहळू नाही, चढच चढ, भोंगा फुटेल असा. लोक खुर्च्या सरकवून उभे राहिले. कुणी शीळ घातली. "सोडू नका, मास्तर!" काका ताल घोटत होते. गिटारवाला डोळे मिटून डोलत होता. ती पाठमोरीच. कोटाची बाही उलटी झाली होती, ती सरळ करत होती.

मग सूर तुटला, आणि टाळ्यांनी छत दणाणलं.

टाळ्या चालू असताना कुणीतरी पहिल्यांदा नीट बघितलं. बाबा बाकावरून डावीकडे कलंडले होते. डावा पाय पेडलांवर पडलेला नव्हताच, बाकाखाली मुडपला होता. उजवा पाय मात्र आवाज चढवण्या-उतरवण्याच्या पेडलवर सगळं वजन टाकून रुतलेला. ते ज्या बाजूला कलले त्याच्या उलट पाय ताठ होत गेला होता, म्हणून आवाज वाढत गेला होता. करंगळी पट्टीवरून घसरली, तेव्हा सूर संपला. वाजवणारा त्याच्या कितीतरी आधी थांबला होता.

बाबा पातळ तळव्याचे बूट वाजवतानाच घालत. ते क्लबमध्येच ठेवलेले असत, रस्त्याला कधी लागले नव्हते. त्या दिवशीही लागले नाहीत. स्ट्रेचरवरून गेले.

इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "हे नेमकं कधी सुरू झालं? यात वेळ फार महत्त्वाची असते."

"आत्ताच," ढोलकाका म्हणाले. "टाळ्या पडल्या आणि कोसळला."

तिने काकांकडे बघितलं. काकांनी तिच्याकडे बघितलं नाही. आणि तीही काही बोलली नाही.

सोमवारी, डॉक्टरकडे जायच्या दिवशी, बाबा गेले. फ्रिजमध्ये अंडी तशीच होती.

*

मेलेल्या म्हशीला मणभर दूध, म्हणतात ते खोटं नाही. ज्यांनी बाबांना चार वर्षांत फोन केला नव्हता, ते त्यांच्या साधेपणाबद्दल बोलू लागले. जो तो म्हणे, सोन्यासारखं मरण आलं. वाजवता वाजवता गेले. कलावंताला आणखी काय हवं? शेजारच्या बाईंनी तर तिचे हात हातात घेऊन सांगितलं, "बघा हं, देव आपल्या माणसांना असंच नेतो." तिने "हो" म्हटलं आणि चहा ठेवला.

मग क्लबचे मालक घरी आले. गळ्यात मफलर, हातात फुलं, डोळ्यांत पाणी. पाणी खरं होतं. तेच तर वाईट.

"त्या दिवशीचं सगळं ध्वनिमुद्रण आहे माझ्याकडे," ते म्हणाले. "अगदी स्वच्छ. तो शेवटचा लांब सूर, आणि त्यावरच्या टाळ्या. काय चढवलाय सूर, अहो! तीस वर्षांत असा चढवला नव्हता. मी त्याची रेकॉर्ड काढतोय. पुढच्या रविवारी क्लबमध्ये मास्तरांची आठवण म्हणून जमू, तेव्हा सगळ्यांना ऐकवू. त्यांच्याच भोंग्यातून. तुमच्या दादाचा होकार आलाय. तुमचा?"

"विचार करते," ती म्हणाली.

"करा, करा. पण नाही म्हणू नका हं."

दादाला तिने फोन केला. दादा दुसऱ्या देशात, दुसऱ्या वेळेत. बाबांवर त्याचा राग होता, तो बाबा गेल्यावर एका रात्रीत अभिमान झाला होता.

"दादा, तो सूर त्यांनी वाजवलेला नाही रे."

"म्हणजे? मग कुणी वाजवला?"

"तेव्हा त्यांना झटका येऊन गेला होता. बोट अडकलं होतं. पाय रुतला म्हणून आवाज वाढला."

दादा म्हणाला, "हे तुला कोणी सांगितलं? डॉक्टरांनी?"

"खर्ज थांबला होता."

"खर्ज तर ते मुद्दामच थांबवायचे. अगं, प्रत्येक गोष्टीत चूक शोधायलाच हवी का? जगात किती जणांना असं जाणं मिळतं? बाकी काही दिलं नाही त्यांनी आपल्याला. निदान ही गोष्ट तरी राहू दे."

तिने फोन ठेवला. दादाचं दुखणं तिला कळत होतं. ज्या बापाने कधी घरी वेळेवर पाऊल टाकलं नाही, तो निदान फार मोठा माणूस होता, एवढं तरी खरं असायला हवं. नाहीतर झाकून ठेवलेल्या त्या सगळ्या ताटांचं काय करायचं?

राहिले ढोलकाका. ती त्यांच्या घरी गेली तेव्हा ते स्वयंपाकघरातल्या टेबलावर रबराच्या तुकड्यावर काठ्या आपटत बसले होते. काकूंनी कानात कापूस घातला होता.

"ये बाळ. ही बघ, आता सुखाने बहिरी झालीय."

"ऐकू येतंय मला," काकू म्हणाल्या आणि आत निघून गेल्या.

ती उभ्यानेच बोलली. "काका, बाबांचा पाय थांबला तेव्हा तुम्हाला कळलं होतं."

काठ्या थांबल्या नाहीत, फक्त हळू झाल्या. "पाय तर तो नेहमीच उचलायचा."

"त्या दिवशी?"

"त्या दिवशी मी म्हटलं, घे, बघू तू आधी परत येतोस की मी चुकतो. चिडून वाजवत होतो मी. मध्यंतरात म्हणाला होता, तुझे हात जड झालेत, म्हातारा झालास. मला! तो!" ते हसायला गेले, जमलं नाही. "म्हटलं, मरेपर्यंत बघ वाट, मी ताल सोडत नाही."

"आणि सूर वाढला तेव्हा?"

"म्हटलं, आज पेटलाय गडी."

नळ गळत होता. काकांच्या हातातल्या काठ्या नकळत त्याच्या लयीत पडू लागल्या. लक्षात आल्यावर त्यांनी त्या बाजूला ठेवल्या.

"मालकांना सांगा, ते लावू नका म्हणून. तुमचं ऐकतील."

"मी नाही सांगणार."

"काका..."

"लोक म्हणतात तो वाजवत गेला. मीही तेच म्हणतो. सकाळ-संध्याकाळ म्हणतो. नाहीतर मला असं म्हणावं लागेल की तो तिथे मरत होता आणि मी त्याला ठेका देत होतो." त्यांनी तिच्याकडे बघितलं. "तुला काय, तू पाठ करून उभी होतीस. तुझ्यावर काही येत नाही."

तिने ते ऐकून घेतलं. पुढे होऊन नळ घट्ट बंद केला आणि घरी आली. मालकांना होकार कळवला नाही, नकारही नाही. मूग गिळून बसणाऱ्याचा होकारच धरतात, हे तिला कळत होतं.

*

रविवारी क्लब खच्चून भरला. बाबांचा बाक रिकामा, त्यावर मालकांनी आणलेली फुलं. इस्पितळातून परत आलेले ते बूट ऑर्गनवर मांडले होते, पॉलिश करून. बोलणारे बोलले. गिटारवाल्याने सांगितलं की मास्तरांनी त्याला बापाची माया दिली. तिने ते मुद्रित तपासल्यासारखं ऐकलं. चूक नव्हती, फक्त दुसऱ्या कुणाच्या वाट्याचं होतं.

मग मालक उभे राहिले. "आता बोलणं पुरे. आता मास्तरच बोलतील."

भोंगा फिरू लागला. तिला ती खोली एकदम परत आली. पेल्यांची किणकिण, कुणाचा खोकला, बाबांचा घसा खाकरण्याचा आवाज. गाणं सुरू झालं. फरशीतून खर्ज वर आला. तिच्या पायांत तो बाबांचा डावा पाय होता, चालणारा, भक्कम, थोडा आगाऊ. पुढे ढोलकाका मान खाली घालून बसले होते, काठ्या मांडीवर.

करंगळीचा सूर लागला. लोकांच्या चेहऱ्यांवर हसू पसरलं. कुणी डोळे मिटले. मागे कुणीतरी फोन उंच धरला.

फरशी शांत झाली.

या वेळी तिची पाठ नव्हती. तिने रिकाम्या बाकाकडे बघितलं. सूर तसाच टांगलेला, गिरक्या घेत. आता त्यात कुणी नव्हतं. म्हणजे होतं; बाबांचं मरण होतं, जे ती आणि काका सोडून कुणी ऐकत नव्हतं. सूर चढायला लागला. ध्वनिमुद्रणातले लोक ओरडले, "सोडू नका, मास्तर!" आणि क्लबमधल्या लोकांतल्या एकाने, डोळे पुसत, हळूच तेच म्हटलं. "सोडू नका."

ती उठली. खांबाजवळून गेली, ऑर्गनच्या मागे. तिथली एकेक वायर तिला ठाऊक होती. गेली कित्येक वर्षं तीच तिथे बॅटरी दातांत धरून बसत होती. भोंग्याकडे जाणारी जाड वायर तिने दोन्ही हातांनी धरली आणि ओढून काढली.

सूर गेला. पेटीतला भोंगा तेवढा थोडा वेळ मुकाट फिरत राहिला, अंगातली गती संपेपर्यंत.

"अहो, हे काय?" मालक अर्धे उठले. "शेवटच तर होता. सगळ्यात सुंदर..."

"ते वाजवत नव्हते," ती म्हणाली. आवाज लहान होता, पण खोलीत दुसरा आवाजच नव्हता. "खर्ज थांबला तेव्हा बाबा थांबले. पुढचं वाजवणं नाही. बोट अडकलं होतं, सोडायला कुणी गेलं नाही. आपण टाळ्या वाजवल्या."

कुणीतरी म्हणालं, "बसवा त्यांना. दुःखात आहेत." मालकांनी काकांकडे बघितलं, तुम्ही तरी सांगा म्हणून. ढोलकाकांनी मांडीवरच्या काठ्या खाली ठेवल्या. मग ते म्हणाले, "खरं आहे. बघितलं मी. बोलू दे तिला."

पण तिला लोकांशी आणखी काही बोलायचं नव्हतं. ती पुढे आली. बाकावरची फुलं तिने उचलून बाजूला ठेवली, जशी कुणी बसलेलं असताना आपण त्याच्या मांडीवरची वस्तू उचलतो. लहानपणी खांबापासून इथवरचं हे अंतर तिला कधी ओलांडता आलं नव्हतं. आई घरी ताट झाकून बसलेली असे.

तिने रिकाम्या बाकावर हात ठेवला.

"बाबा," ती म्हणाली, "पुरे आता. घरी चला."